दोन बोटं वर

"कागद उलटा धरलाय तुमी."

शिवांजलीला खरं तर बोलायचं नव्हतं. केजहून नांदूरघाटला निघालेल्या काळीपिवळीत मधल्या सीटवर पाच माणसं कोंबलेली, तिच्या मांडीवर मशीनची बॅग, आणि गाडीत अनोळखी माणसाशी बोलायचं नाही हे आईनं शाळेपासून बजावलेलं. पण शेजारचा तरुण गाडी सुटल्यापासून एका गुलाबी चौकटींच्या लांबट कागदाकडे डोळे बारीक करून बघत होता, तोही खालची बाजू वर करून. चुकीचं काही दिसलं की शिवांजलीला गप्प बसवत नसे. आता स्वभावाला औषध कुठून आणायचं?

त्यानं कागद फिरवला आणि पुन्हा निरखला.

"आता?"

"आता सुलटा हाय."

"मला दोन्हीकडून सारखाच अवघड दिसतोय," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसायचा, उजवा मागाहून यायचा. शिवांजलीनं ते पाहिलं आणि लगेच बाहेरच्या तुरीकडे बघू लागली. "तुमाला वाचता येतं व्हय हे?"

"मला काढता येतं. वाचतात डॉक्टर. छातीवर सहा वाट्या लावायच्या, हातापायाला चार चिमटे, की काळजाचं काम कागदावर उतरतं. केजला विजयमाला मॅडमचा दवाखाना हाय ना, तिथं असते मी. बाजाराच्या दिवशी मॅडम नांदूरघाटला बसतात, म्हणून मशीन घेऊन चाललेय."

"म्हंजे अप्पांचा हा कागद..."

त्यानं तो तिच्या हातात दिला. कोपऱ्यात नाव होतं ईश्वरप्पा, वय अठ्ठावन्न. त्याखाली दहा दिवसांपूर्वीची तारीख, आणि तारखेखाली बारीक अक्षरात 'शि.' अशी सही.

"मीच काढलाय," ती म्हणाली.

"मग तुमीच सांगा, कावून झालं असं? आमच्या अप्पांना कधी साधी शिंक आली न्हाई."

त्याचं नाव सोमेश्वर. नांदूरघाटच्या पेठेत त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान. तुरीचं पोतं उचलताना अप्पांचा खांदा धरला, म्हणून ते बायकोला, जगदेवीला, बरोबर घेऊन मॅडमना दाखवायला आले होते. "मी त्या दिवशी माल आणाया लातूरला गेलतो," सोमेश्वर म्हणाला. तो परत आला तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. अप्पांना कधीतरी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असावा, अशी खूण कागदावर निघाली होती. मॅडमनी गोळ्या दिल्या, घाबरू नका म्हणाल्या, लातूरला मोठी तपासणी करून घ्या म्हणाल्या. तिथली तारीख मिळाली संक्रांतीनंतरची. पण अप्पांनी 'झटका' एवढा एकच शब्द ऐकला होता. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हातात ठेवून ते खाटेवर जे आडवे झाले ते झालेच.

"आणि आता माझ्या लग्नाच्या मागं लागलेत. डोळ्यादेखत सून बघायचीय म्हणे. उदगीरकडचं स्थळ काढलंय. पौष लागायच्या आत सुपारी फोडायची."

"मुलगी बघितली?"

"फोटो बी न्हाई. अप्पा म्हणतात, बघत बसायला वेळ कुणाकडं हाय."

शिवांजलीला हसू आलं. मग हसावं की नाही ते कळेना, म्हणून तिनं कागदाची नीट घडी घालून त्याला परत दिली. गाडी खड्ड्यात आदळली, दोघांचे खांदे एकमेकांना लागले, आणि दोघांनीही लागले नाहीत असं दाखवलं.

मॅडमनी गोळ्या महिन्याच्या एकदम लिहून दिल्या होत्या. सोमेश्वर मात्र त्या आठवड्याच्या आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, न्यायला लागला. "एकदम नेल्या तर अप्पा एकदम खातील," असं त्यानं दवाखान्यातल्या मंगल सिस्टरला सांगितलं. मंगल सिस्टरनं तीन लेकरं वाढवली होती आणि पंचवीस वर्षं इंजेक्शनं दिली होती. असल्या थापा तिला नव्या नव्हत्या. तिनं गोळ्या मोजून दिल्या आणि शिवांजलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "गोळ्यांचा गुण लई आलाय. पण अप्पांना न्हाई, पोराला."

कधी तो शेंगदाण्यांची पुडी आणायचा, कधी गुळाचा खडा, आणि वर "आईनं पाठवलंय" म्हणायचा. आईला यातलं काही ठाऊक नाही हे त्याच्या कानांच्या रंगावरून कळायचं. शिवांजली निम्मे दाणे ठेवून घ्यायची आणि निम्मे परत द्यायची.

"हे कावून?"

"आईला सांगा, पोचले. अन् तुमी उपाशी पोटी पोती उचलू नका."

तिसऱ्या बाजाराला भर थंडीत आभाळ भरून आलं, बारीक भुरभुर लागली. बाजार लवकर उठला आणि दवाखान्यात चिटपाखरू उरलं नाही. सोमेश्वर डोक्यावर रिकामं पोतं घेऊन आला. गोळ्या घेतल्या, तरी जाईना. ओल्या पोत्याला गुळाचा वास येत होता.

"एक विचारू?" तो चौकटीला टेकून म्हणाला. "त्या वाट्या नेमक्या कुठं लावायच्या हे कसं कळतं? माणसं तर कुणी जाडं, कुणी वाळकं."

"डोळ्यानं न्हाई लावायच्या, हाड चाचपून लावायच्या. गळ्याखाली खळगा असतो ना... तिथून बोट सरळ खाली आणायचं. एक उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी. तिथून मोजत खाली यायचं, आणि चौथ्या फटीत, मधल्या हाडाच्या दोन्ही अंगाला, पहिल्या दोन वाट्या."

त्यानं शर्टावरून बोट फिरवलं. "मला उंचवटाच न्हाई."

"सगळ्यांना असतो."

"मग दाखवा की."

"तुमचा तुमी शोधा," शिवांजली म्हणाली आणि हातातल्या वायरींचा गुंता सोडवू लागली. गुंता नव्हताच, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"सापडला," तो म्हणाला. "ही दुसरी... तिसरी... चौथी..." त्याचं बोट अडलं. "हितं तर लिंग येतंय." गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली चांदीची डबी त्यानं शर्टावरूनच चाचपली. "अप्पांचं बी हितंच असतं. मग तुमी वाटी कुठं लावली?"

त्यानं सहज विचारलं होतं. शिवांजलीच्या हातातल्या वायरी तशाच राहिल्या.

कुठं लावली? वर लावली. दोन बोटं वर.

लिंगायत घरातली म्हणून तिच्या स्वतःच्या गळ्यातही इष्टलिंग होतं. जन्मल्यापासून होतं. ते अंगावेगळं करायचं नाही आणि दुसऱ्याच्या लिंगाला आपला हात लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लिंग धारण केलेला माणूस समोर झोपला की तिचा हात आपोआप डबीच्या वरून जायचा, आणि पहिल्या दोन वाट्या जिथं जागा मिळेल तिथं बसायच्या. बरगड्या मोजायला शिकली होती ती, मोजायचीही. पण अशा माणसांपाशी तिची बोटं आदरानं आधीच थांबत. नोकरीच्या दीड वर्षात एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की यात काही चुकतंय.

"शिवांजली?" सोमेश्वरनं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "काय झालं?"

"काही न्हाई."

तो थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. "सोमवारी पाहुणे येणारेत. सुपारी घेऊनच. तुमाला... काय वाटतं?"

तिला जे वाटत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं, आणि जे बोलायला हवं होतं त्याची अजून खात्री नव्हती. "मला काय वाटायचंय?" ती म्हणाली. "पेढे आणा."

त्यानं पोतं डोक्यावर घेतलं आणि भुरभुरीत निघून गेला. दाण्याची पुडी टेबलावरच राहिली.

संध्याकाळी केजला पोचल्यावर तिनं दवाखान्यात ठेवलेल्या दुसऱ्या प्रतींची फाइल काढली. झटक्याची शंका लिहिलेले तिच्या सहीचे सात कागद निघाले. दोघं जुनेच रुग्ण होते, त्यांचं दुखणं पक्कं होतं. उरलेले पाचही जण तिच्याच समाजातले, गळ्यात लिंग असलेले. मंगल सिस्टरनं काढलेल्या कागदांत तसं काही नव्हतं. मंगल शेतकरी घरातली, स्वतः लिंग धारण न करणारी; ती अशा माणसांना सरळ म्हणायची, "बाबा, ते जरा हातात धरा." आणि बाबा धरायचे. कुणाला कधी राग आला नव्हता.

शिवांजलीनं पाचही कागद पुन्हा एकदा मोजले. चूक दिसत होती, पण तिचा स्वतःवरच भरवसा बसेना. ही चूक खरंच आहे, की सोमवार टळावा म्हणून आपण ती हुडकून काढतोय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्या रात्री तिनं जेवणात मीठ दोनदा घेतलं आणि आईनं घेतलंस का विचारलं तेव्हा दोन्ही वेळा नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. डॉ. विजयमाला कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाचही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि बराच वेळ पाहिले.

"माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "कागद बघत बसले. वाट्या कुठं लागतात ते येऊन बघितलं नाही कधी. बोलव सगळ्यांना. नव्यानं काढ."

"मॅडम... ईश्वरप्पांचा मी एकटीनं काढला तर त्याला अर्थ न्हाई. तो कागद चांगला यावा असं मला लई वाटतंय."

"सगळ्यांचाच चांगला यावा असं वाटायला हवं."

"त्यांचा जरा... जास्त वाटतंय."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "बरं. मग मंगल काढेल आधी. तू खोलीबाहेर थांबायचं. नंतर तू काढायचा, तिचा कागद न बघता. दोघींचं जुळलं तर मी मानीन. आणि रविवारीच काढू, उगीच लांबवायला नको."

रविवारी सकाळी शिवांजली नांदूरघाटला गेली. फोन करता आला असता. पण ज्याला आपण महिनाभर खाटेवर पाडलं त्याला फोनवर सांगायचं, हे तिला पटेना. दुकानात सोमेश्वर तराजूत डाळ घालत होता. तिला बघून त्याचा डावा गाल हसला. तिचा चेहरा दिसल्यावर उजवा आलाच नाही.

आत अप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिनं हात जोडून "शरणार्थ" म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाट्या कुठं लावायच्या असतात, तिनं कुठं लावल्या, का लावल्या. झटका आला नसेलच असं ती म्हणाली नाही. कागदावर भरवसा ठेवू नका, एवढंच म्हणाली.

अप्पा हळूहळू उठून बसले.

"म्हंजे लिंगाला हात लागू नये म्हणून तू वर सरकलीस?"

"व्हय अप्पा."

"आणि मी हितं महिना झाला मरत बसलोय."

जगदेवीनं तोंडाला पदर लावला. ती रडतेय की हसतेय ते कळायला मार्ग नव्हता. सोमेश्वरनं खुंटीवरची टेम्पोची किल्ली काढली आणि "चला," म्हणाला. केजपर्यंत त्यानं शिवांजलीकडे एकदाही पाहिलं नाही. मागे रिकाम्या पोत्यांवर बसून ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. नोकरी गेली तरी चालेल, पण ही पाठ अशीच राहायला नको, असं तिला वाटलं आणि आपल्याला असं वाटतंय याचं तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

दवाखान्यात मंगल सिस्टरनं अप्पांना आत नेलं. शिवांजली ठरल्याप्रमाणे बाहेरच्या बाकावर बसली. सोमेश्वर समोर उभा होता. मग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"लई राग आला व्हता," तो म्हणाला. "आईनं महिनाभर धड जेवण केलं न्हाई."

"मला माहीत हाय."

"तुमी गप बसला असता तरी चाललं असतं. संक्रांतीनंतर लातूरला कळलंच असतं. तुमचं नाव बी आलं नसतं कुठं."

"तवर तुमची सुपारी फुटली असती."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. तिनं खाली मान घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. सोमेश्वर बाकावरून थोडा सरकला. अलीकडे.

"मग हे... अप्पांसाठी सांगितलं, का माझ्यासाठी?"

"अप्पांसाठी," ती म्हणाली. थांबली. "आधी अप्पांसाठी."

बाकावर बसल्यापासून आवळलेली त्याची मूठ सुटलेली तिनं पाहिली. तेवढ्यात आतून मॅडमची हाक आली.

मंगलनं वाट्यांच्या जागी पेनानं ठिपके दिले होते. मॅडमनी ते टेपनं मोजून लिहून घेतले होते आणि मग स्पिरिटनं पुसून टाकले होते. आता अप्पांची छाती कोरी होती, आणि मधोमध चांदीची डबी. डबी पुन्हा जागेवर आली होती, कारण मंगलचं काम संपताच अप्पांनी ती ठेवली होती.

"मंगलताईनं हातात धरा म्हणलं, धरलं," अप्पा म्हणाले. "पण काढणार न्हाई हं मी."

"काढू नका अप्पा. डाव्या तळहातावर घ्या, पूजेला घेता तसं. हात पोटावर टेकू द्या, ढिला सोडा."

अप्पांनी डबी डाव्या तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. शिवांजलीनं खळग्यात बोट ठेवलं आणि खाली आणलं. उंचवटा. दुसरी. तिसरी. चौथी. हाडं जिथल्या तिथं होती. तिनं सहा ठिपके दिले. मॅडमनी टेप लावला.

"जवाएवढा फरक," त्या मंगलला म्हणाल्या. "चालेल."

कागद सरसरत बाहेर आला. मॅडमनी तो मंगलच्या कागदाशेजारी ठेवला. "आता मुद्दाम दोन बोटं वर लाव," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी लावल्या तशा."

शिवांजलीनं पहिल्या दोन वाट्या वर सरकवल्या. तिसरा कागद आला. आणि त्यावर ती खूण हजर झाली, महिन्यापूर्वीच्या कागदावर होती तशीच्या तशी.

मॅडमनी चारही कागद अप्पांसमोर धरले. "हे दोन नीट लावून काढलेले, दोन बायकांनी, एकमेकीचं न बघता. दोन्ही एकसारखे आणि दोन्ही चांगले. आणि हे दुसरे दोन, वाट्या वर लावून काढलेले. तुमच्यात काही बिघडलेलं नाही, बिघाड वाट्यांच्या जागेत होता. लातूरची तपासणी करून घ्या निवांतपणे, माझ्याही समाधानासाठी. पण झोपून राहायचं काही कारण नाही. आता बोला, खांदा कसा आहे?"

"कसला खांदा?" अप्पा म्हणाले. "दुकानावर कोण हाय?"

जगदेवी मटकन स्टुलावर बसली. मंगल सिस्टरनं नाक पुसलं आणि सर्दी झालीय म्हणाली. शिवांजलीचा जीव भांड्यात पडला. महिनाभर नाही, पण तीन दिवस तो कुठंतरी लटकत होता खरा. सोमेश्वर दारात उभा होता आणि त्याचे दोन्ही गाल एकाच वेळी हसत होते.

अप्पा कोपरावर उठले. "सोमू, उदगीरला फोन लाव. माफी माग त्यांची. म्हणावं, म्हातारा मरत न्हाई, उद्या येऊ नका. लग्नाचं बघू सावकाश. घाई कुणाला हाय?"

"मला हाय," सोमेश्वर म्हणाला.

अप्पांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो जिकडे बघत होता तिकडे मग अप्पांनीही मान वळवली. शिवांजली त्यांच्या पायाचा चिमटा सोडवत होती, आणि रोज शंभरदा सुटणारा तो चिमटा आज काही केल्या सुटत नव्हता. जगदेवीनं पुन्हा तोंडाला पदर लावला. या वेळी ती हसतच होती.

"पोरी," अप्पा म्हणाले, "तुझे वडील घरी कधी असतात?"

चिमटा एकदाचा सुटला. "सकाळी... पूजा झाल्यावर. दहाला दुकान उघडतात."

"मग नवाला येतो," सदऱ्यात हात घालत अप्पा म्हणाले. "उद्याच येतो. सोमवार पाहुण्यांसाठी राखला व्हता, आता मोकळाच हाय."